कॅम्पमधल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका,

तुम्ही ना नंबर दिलात ना नाव सांगितलंत, "अगं काका म्हण, पुरे" एवढंच म्हणालात, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कॉन्सुलर कॅम्पला, म्हणजे आपल्या दूतावासाचे लोक येऊन पासपोर्टची कामं करतात तिथे, नेहमी जाणारं कुणीतरी तुम्हाला नक्की दाखवेल, त्या हॉलमध्ये तुम्ही ज्याची फाईल बघितली नाहीत असा माणूस मला तरी दिसला नाही.

बाहेर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पासपोर्टची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. माझं इथे राहायचं परमिट पासपोर्टच्या तारखेपुढे वाढत नाही, नोकरी परमिटवर, बँकेचं खातं परमिटवर, घराचा करार पण त्याच्यावरच. त्यात बरेच देश सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर आत घेत नाहीत, म्हणजे पासपोर्ट दहा वर्षांचा असला तरी शेवटचे सहा महिने हिशोबात धरायचेच नाहीत, हे तुमचंच वाक्य. संपायच्या वर्षभर आधी रीइश्यूला, म्हणजे नवा काढायला, टाकता येतो हेही तुम्ही तिथे प्रत्येकाला सांगत होतात, कुणी विचारलं नाही तरी.

माझा खरा प्रश्न नावाचा होता. लग्नानंतरचा हा पहिलाच पासपोर्ट आणि एका एजंटने ठासून सांगितलेलं की आता नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावायलाच लागेल, नाहीतर अर्ज परत येईल. तुम्ही माझा जुना पासपोर्ट उघडलात आणि फोटोच्या पानाखालच्या त्या दोन ओळींवर बोट ठेवलंत. प्रत्येक ओळीत ४४ खाने, वरच्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आडनाव, मग दोन बाण (<<), मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, मशीन हेच वाचतं आणि परमिट, तिकीट, व्हिसा सगळं ह्याच्याशी जुळवून बघतात. मग म्हणालात, "नवऱ्याचं नाव जोडीदार म्हणून नोंदवता येतं, त्यासाठी तुझं नाव बदलायची सक्ती नाही. तुला बदलायचं असेल तर आनंदाने बदल, पण मग डिग्रीपासून बँकेपर्यंत सगळीकडे मागे लागावं लागेल." एवढं सरळ मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं काका. ठरवायचं माझ्यावर सोडलंत ह्याचं तर मला फारच अप्रूप वाटलं. मी माझं नाव तेच ठेवलं.

बाकी फोटोवर सावली नको, इथल्या पत्त्याचा पुरावा अर्जातल्या पत्त्याशी अक्षरशः जुळायला हवा, पासपोर्ट आत गेला की हातात येईपर्यंत तिकीट काढू नकोस कारण कधी कधी भारतातल्या पत्त्यावर पोलीस व्हेरिफिकेशन लागतं आणि ते किती दिवस घेईल कुणाच्या हातात नसतं, हे सगळं तुम्ही सांगितलंत. प्रत्येक कागद का लागतो हे सांगत होतात, नुसतं "लागतो, लाव" असं नाही, आणि कारण कळलं की भीती निम्मी होते हे मी त्या दिवशी स्वतः अनुभवलं.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलामुळे. त्याचा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतलेला, हातात फक्त झेरॉक्स, मुदत संपत आलेली आणि तो इतक्या हळू बोलत होता की मागे उभी असून मला पण नीट ऐकू येत नव्हतं. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि मग शांतपणे सांगितलंत की पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तसं लिहिलंय, कंपनीला तो अडकवून ठेवायचा अधिकार नाही. तेवढ्यावर थांबला नाहीत, उठून त्याला आतल्या अधिकाऱ्यांकडे घेऊन गेलात, तुमच्यासमोरची रांग थांबली आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

परत आल्यावर तो तुमचे सारखे आभार मानत होता, साहेबांनी उपकार केले म्हणत होता, तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी घरी जाऊन लिहून ठेवलंय. आपल्या नागरिकांना पासपोर्ट देणं हे दूतावासाचं कामच आहे, १९६३ च्या व्हिएन्ना करारात ते कामांच्या यादीत आहे, तू काही मागायला आलेला नाहीस, तुझं आहे ते घ्यायला आलायस. त्याची मान वर झाली काका. माझीही झाली, कारण परक्या देशात प्रत्येक काउंटरवर थोडं वाकून बोलायची सवय लागते ती मलाही लागलेली.

सुट्टीच्या दिवशी, पगार नाही, कुणी बोलावलेलं नाही, तरी तुम्ही सकाळपासून तिथे उभे असता. ह्यासाठी थँक्यू हा शब्द पुरत नाही पण दुसरा कुठून आणू, खरंच खूप खूप आभार. तुमच्या घरच्यांचेही, तुमचा तो वेळ त्यांच्या वाट्याचा असतो.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या कॅम्पला आलीस तर जुन्या पासपोर्टमधल्या व्हिसाच्या पानाचं काय झालं ते सांग. पुढच्या कॅम्पला मी भारतात असेन म्हणून इथेच सांगते. नवा पासपोर्ट आला, नाव अक्षर न अक्षर बरोबर आहे, नवऱ्याचं नावही नोंदवलंय. नंबर बदललाय पण शेवटच्या पानावर जुना नंबर छापलेला आहे. जुना पासपोर्ट कोपरा कापून रद्द करून परत दिलाय, व्हिसाचं पान शाबूत आहे आणि तुम्ही सांगितलं तसे दोन्ही पासपोर्ट सोबतच घेऊन जातेय.

तुमची,
निळ्या फाईलवाली