आधी कंस सोडवावा : मुख्य निवडणूक आयुक्तांना एका मतदाराचे खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली.

विषय : पक्षांची गर्दी, चिन्हांची सरमिसळ आणि मतदाराचे न सुटणारे गणित याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. नोकरीच्या छत्तीस वर्षांत मी मुलांना गणित शिकवले आणि दर निवडणुकीला तहसील कचेरीतून आदेश आला, की पिशवी भरून मुकाट्याने मतदान केंद्रावर गेलो. आधी लोकांच्या बोटांना शाई लावली, पुढे केंद्राध्यक्ष झालो. शिक्का मारून घडी घालायच्या मतपत्रिकेपासून ‘पीं’ वाजणाऱ्या यंत्रापर्यंतचा सगळा प्रवास टेबलाच्या अलीकडून पाहिला. निवृत्तीनंतर टेबलाच्या पलीकडे नुसता मतदार म्हणून उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा लक्षात आले की अलीकडचे काम फार सोपे होते. तिथे माणूस ओळखायचा असे, त्यासाठी हातात यादी असे आणि चुकलेच तर आक्षेप घ्यायला चार पक्षांचे प्रतिनिधी डबा उघडून बसलेले असत. इथे पक्ष ओळखायचा असतो, आणि ओळखणारा पुठ्ठ्याच्या आडोशामागे अगदी एकटा असतो.

पक्ष पुष्कळ आहेत, अशी माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतही पन्नासाहून अधिक पक्ष होते, तेव्हा देशात साक्षर माणसे शंभरात जेमतेम अठरा होती, आणि तरीही उमेदवारागणिक वेगळी पेटी ठेवून, पेटीवर चिन्ह चिकटवून लोकांनी ती निवडणूक पार पाडली. तमिळनाडूतील मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १९९६ मध्ये १,०३३ उमेदवार उभे होते आणि मतपत्रिकेचे पुस्तक झाले होते. निझामाबादमध्ये २०१९ साली हळदीच्या भावावरून चिडलेल्या शेतकऱ्यांनी अर्ज भरले, उमेदवार झाले १८५, आणि एकेका केंद्रावर बारा बारा मतदान यंत्रे ओळीने मांडावी लागली. आमच्याकडे २०२४ च्या विधानसभेला २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते. एकट्या माजलगावात ३४. आठवडी बाजारात तीस वांगीवाले बसले म्हणून गिऱ्हाईक घाबरत नाही, उलट भाव करायला बरे पडते. गिऱ्हाईक घाबरते ते सगळ्यांच्या पाटीवर एकच नाव लिहिलेले दिसले म्हणजे.

इथे मला माझ्या विषयाचा आधार घ्यावा लागतो. पदावली सोडवण्यासाठी आम्ही मुलांकडून ‘कंचेभागुबेव’ हा मंत्र पाठ करून घेत असू : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. गेल्या विधानसभेला मी हाच मंत्र पक्षांना लावून पाहिला. आधी कंस. ‘शिवसेना’ आणि ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ यांत फरक काय, तर कंस. राष्ट्रवादीत कंसाच्या जागी आडवी रेघ आली एवढेच. ही कला आपल्याकडे जुनी आहे. इंदिरा काँग्रेस, एस काँग्रेस, संघटना काँग्रेस ही नावे माझ्या पिढीने पाठ केली आहेत, आणि १९५७ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाला पुढे इतके कंस फुटले की मूळ संख्या कोणती हे विचारण्याची सोय राहिली नाही. मग ‘चे’, म्हणजे पक्ष कोणाचा. याचे उत्तर आपल्याच आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेपुरते आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीपुरते दिले, आणि दोन्ही वेळा पारडे झुकले ते लोकप्रतिनिधींच्या संख्येवर. महोदय, निकालाचा मला आदर आहे. पण आमदार निवडून आले ते चिन्हावर आणि चिन्ह मिळाले ते आमदारांवर, असे उत्तर माझ्या वर्गातल्या पोराने लिहिले असते, तर मी शेजारी लाल शाईने ‘रीत दाखव’ असा शेरा मारला असता.

भागाकार झाला, गुणाकारही झाला, आता बेरीज. महायुतीत एक सेना आणि एक राष्ट्रवादी, महाविकास आघाडीतही एक सेना आणि एक राष्ट्रवादी. दोन खानावळींत जाऊन पाहिले तरी ताटात त्याच दोन भाज्या, फक्त एका ताटात वाटी उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे. तिसरी खानावळ ‘परिवर्तन महाशक्ती’ या नावाने उघडली होती. तिच्याही पाटीवर ‘महा’ होतेच. वजाबाकीचे काम बंडखोरांनी केले. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हुकला की अपक्ष अर्ज, तो मागे घेतला नाही की ‘मैत्रीपूर्ण लढत’. मैत्री कोणाशी आणि लढत कोणाशी हे निकालानंतर पाठिंब्याचे पत्र निघाल्यावर कळते. मराठीत ‘पक्ष’ या शब्दाचा दुसरा अर्थ पंधरवडा असा आहे, आणि अनेक उमेदवारांनी तो फारच मनावर घेतलेला दिसतो.

आता माझ्या आईविषयी लिहितो, कारण हे पत्र मुख्यतः तिच्यामुळे लिहीत आहे. आई ८४ वर्षांची आहे. तिने पहिले मत १९६२ मध्ये दिले आणि त्यानंतर एकही निवडणूक चुकवलेली नाही. कोणाला मत दिले हे तिने आमच्या वडिलांनाही कधी सांगितले नाही, मलाही सांगत नाही. पण चिन्हे तिला देवीच्या आरतीसारखी पाठ आहेत. बैलजोडी, झोपडी, पणती, गाय-वासरू, नांगरधारी शेतकरी, हात, कमळ, धनुष्यबाण, आणि १९९९ पासून दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेले घड्याळ. तिला अक्षरे लावून वाचता येते, पण यंत्रावरचे बारीक नाव वाचेपर्यंत मागची रांग खाकरू लागते. म्हणून ती चित्रावर भिस्त ठेवते. लोकसभेला ७ मे २०२४ रोजी ती मत देऊन आली, पायरीवर टेकली आणि म्हणाली, “बाळू, यंदा घड्याळपण न्हाई आन् धनुष्यबाणपण न्हाई. सगळीच कुठं गेली रं?” मी तिला जागावाटप समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पदर झटकून म्हणाली, “म्हंजी घर तेच, नुसत्या खोल्या बदलल्या.”

विधानसभेच्या आधी मी तिची तयारी करून घ्यायचे ठरवले आणि अपक्षांसाठी व लहान पक्षांसाठी असलेली मुक्त चिन्हांची यादी मोठ्याने वाचू लागलो. प्रेशर कुकर, गॅस शेगडी, सिलिंडर, कपबशी, पोळपाट-लाटणे, भेंडी, ढोबळी मिरची, आले. आई त्या वेळी स्वयंपाकघरातच बसली होती. तिने एकदा ओट्याकडे, एकदा फडताळाकडे पाहिले आणि अर्धी विधानसभा आपल्याच घरात असल्याचे जाहीर केले. त्यातही कुकर एका उमेदवाराला आणि शिट्टी दुसऱ्याला दिलेली पाहून तिला विशेष काळजी वाटली, कारण या दोघांची युती झाल्याशिवाय भात शिजणे शक्य नाही. आयोगाच्या सेवेत एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन होते, १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही चित्रे पेन्सिलीने काढली, असे मी वाचले होते. सामान्य माणसाच्या रोजच्या हाताखालच्या वस्तू निवडण्यामागची त्यांची दृष्टी मला आजही योग्य वाटते. कुकर पाहून कोणी फसत नाही. फसतो तो दोन वस्तू एकीसारखी दुसरी दिसली की.

यावरून पिपाणीचा विषय येतो आणि आमच्या जिल्ह्याला तो टाळता येत नाही. शरद पवारांच्या पक्षाला २०२४ च्या फेब्रुवारीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. त्याच वेळी मुक्त चिन्हांत एक वाद्य आधीपासून होते. इंग्रजीत ते ट्रम्पेट, गावात पिपाणी, आणि आपल्या मराठी यादीत मात्र तुतारी. सातारा लोकसभा मतदारसंघात तुतारीवाल्या माणसाच्या उमेदवारावर उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले आणि पिपाणी घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. ती सगळी मते चुकूनच पडली असे मी म्हणणार नाही, कारण मतपेटीतल्या मनात डोकावण्याची विद्या मला अवगत नाही. पण त्या अपक्षाची सभा झाल्याचे आमच्या गावात तरी कोणाला आठवत नाही. दिंडोरीत तर पवारांच्याच पक्षाच्या भास्कर भगरे यांच्यासमोर त्याच आडनावाचा, नावापुढे ‘सर’ लावलेला अपक्ष पिपाणी घेऊन उभा होता. त्याला एक लाखाहून अधिक मते मिळाली. मी छत्तीस वर्षे सर म्हणून वावरलो, पण या पदवीत एवढी ताकद आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

पुढे विधानसभेला तो तुतारीवाला माणूस यंत्रावर जरा ठळक झाला, पण पिपाणी यादीत राहिलीच.

नावांची गंमत याहून जुनी. रायगडमध्ये २०१४ साली सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी पराभूत झाले आणि सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाने ९,८४९ मते घेतली. दहा वर्षांनी त्याच मतदारसंघात गीते यांच्या नावाचेही सोबती उभे राहिले. कोकणात उसनवारी ठेवत नाहीत. अशा उमेदवारांना रोखा ही मागणी २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा, आईबापांनी सारखे नाव ठेवले म्हणून कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क काढायचा काय, अशा आशयाचा प्रश्न न्यायालयाने विचारला. ते बरोबरच आहे. २०१५ पासून यंत्रावर छायाचित्रही असते, त्यामुळे नामसाधर्म्याचा धोका पुष्कळ कमी झाला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. अडचण एवढीच की छायाचित्रात सगळेच उमेदवार पांढऱ्या सदऱ्यात असतात.

आपण काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आपण ३३४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले आणि सप्टेंबरात आणखी ४७४. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले हे पक्ष होते. वर्गात नाव असून कधी न फिरकणारी मुले पटावरून कमी करण्याचे काम मीही केले आहे, त्यामुळे त्यातले समाधान मला ठाऊक आहे. फक्त एक गोष्ट नम्रपणे निदर्शनास आणतो : जे पक्ष निवडणूक लढवतच नव्हते, त्यांनी मतदाराला कधीही गोंधळात टाकले नव्हते.

तेव्हा माझी मागणी अशी. १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाने फुटलेल्या पक्षाचा वारस ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो आपण खुशाल वापरावा. पण वारस कोणीही ठरला, तरी जुने चिन्ह निदान पुढच्या एका सार्वत्रिक निवडणुकीपुरते गोठवावे. गावात भाऊबंदकी लागली की वाद मिटेपर्यंत बांधावरच्या आंब्याला कोणी हात लावायचा नाही, असे पंच सांगतात, आणि दोन्ही भाऊ कुरकुरत ऐकतात. हे नवे नाही. काँग्रेस फुटल्यावर १९७१ च्या निवडणुकीत बैलजोडी कोणालाच मिळाली नव्हती. एकीने गाय-वासरू घेतले, दुसरीने चरखा चालवणारी स्त्री, आणि माझ्या आईसकट कोट्यवधी बायाबापड्यांनी दोन्ही चित्रे नव्याने ओळखून घेतली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपणच धनुष्यबाण गोठवून एकाला मशाल आणि दुसऱ्याला ढाल-तलवार दिली होती. तो काही महिन्यांचा तात्पुरता तोडगा मला नंतरच्या अंतिम निकालापेक्षा अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात दोघांनाही दारोदार जाऊन आपण कोण हे सांगावे लागले. चिन्ह बघून साठ वर्षे बटण दाबणाऱ्या आणि शिक्का मारणाऱ्या माणसाचा त्यावर थोडा हक्क आहे, तो कोणत्याही प्रतिज्ञापत्रात मोजला जात नाही.

दुसरे असे, की एखाद्या पक्षाला चिन्ह दिल्यावर त्याच्या मराठी नावाशी किंवा रूपाशी जुळणारी वस्तू त्या राज्याच्या मुक्त यादीतून त्याच दिवशी निघावी. त्यासाठी समिती नको. दोन्ही चित्रे कोणत्याही जिल्हा परिषद शाळेतल्या दुसरीच्या वर्गात दाखवावीत, आणि मुलांनी दोन्हींना एकच नाव दिले तर एक चित्र परत घ्यावे. आणि माघारीची मुदत संपल्यावर, यंत्रावर जशी दिसणार तशीच, त्याच आकारात सगळी चिन्हे उमेदवाराच्या नावासह चावडीवर लावावीत आणि शेजारी खुर्ची ठेवावी. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. एवढ्या वेळात आईचा चष्मा नाकावर बसत नाही. चावडीवर मात्र ती सकाळपासून बसायला तयार आहे.

‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाविषयी थोडक्यात लिहितो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन्ही ठिकाणी हे बटण दुसऱ्या क्रमांकावर आले. त्याला कंस नाही, त्याच्या नावाचा अपक्ष उभा राहत नाही आणि निकालानंतर ते गुवाहाटीला जात नाही, त्यामुळे काही मतदारांना ते भरवशाचे वाटते. आई ते दाबत नाही. एवढ्या लांब चालत जाऊन ‘कोणी नको’ सांगायचे, तर तेवढे घरी बसून सांगता येते, असे तिचे मत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्राध्यक्ष

ता. क. : आमच्या गावच्या वाजंत्री मंडळींनी एक शंका आपल्यापर्यंत पोहोचवण्यास सांगितले आहे. गेल्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे तुळशीचे लग्न उरकून लग्नसराई सुरू होत असतानाच झाले. आचारसंहितेच्या काळात लग्नाच्या मांडवात पिपाणी वाजवली तर तो प्रचार ठरतो काय, आणि ठरत असल्यास त्याचा खर्च वधुपित्याच्या नावे धरायचा की उमेदवाराच्या, हे कृपया कळवावे. त्यांना सुपारी घेण्यापूर्वी उत्तर हवे आहे.