पाणी कुठे जातंय ते आधी बघा

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मला निम्मंच कळतं, म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते आहे. बाबा, चष्मा लावून वाचा आणि वाचून होईपर्यंत वॉशिंग मशीनला हात लावू नका.

आई म्हणते, मशीनमध्ये पाणी भरतच नाही, कपड्यांत साबण तसाच राहतो. बाबा म्हणतात, मशीन अख्खी टाकी पिऊन टाकतं. भांडू नका, मला वाटतं दोघांचंही बरोबर आहे. आईनं पाठवलेल्या फोटोत मशीनचा ड्रेन पाइप जमिनीवर आडवा पडलाय आणि त्याचं तोंड मोरीच्या जाळीत आहे. फरश्या बदलताना मिस्त्रीनं मशीन सरकवलं, तेव्हाच तो हुकातून निघाला असणार. आपल्यासारख्या समोरून उघडणाऱ्या, म्हणजे फ्रंट लोड मशीनमध्ये पाणी पंप बाहेर काढतो, पण पंप थांबला म्हणून वाट बंद होत नाही. पाइपाचं तोंड ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली गेलं की पाणी आपलं आपण वाहून जातं. वरून भरतंय, खालून जातंय. पातळी काही गाठली जात नाही, म्हणून मशीन पाणी घेतच राहतं आणि शेवटी एरर दाखवून थांबतं. आईला ड्रम कोरडा दिसतो, बाबांना टाकी रिकामी दिसते.

एक दिवसाआड येणारा नळ आणि त्यात हे! १९७८ साली इंदुरात नर्मदेचं पाणी आलं तेव्हाच्या गोष्टी बाबा अजून रंगवून सांगतात. नर्मदाकाठच्या जलूदहून जवळजवळ ७० किलोमीटर, घाट चढवून आणलेलं पाणी आपण साबणसुद्धा न लावता मोरीत सोडतोय.

उपाय फुकट आहे. पाइपाचं तोंड जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच राहिलं पाहिजे. म्हणजे साधारण बाबांच्या कमरेइतकं. मोरीतल्या उभ्या पाइपाला सुतळीनं बांधा किंवा त्यात वरून वीतभरच घाला. मात्र फटीत फडकं कोंबून ते घट्ट करू नका. तिथून हवा आत गेली नाही तर पाणी पुन्हा ओढलं जातं. मग आत कपडे न टाकता मशीन रिकामंच लावा आणि मोरीपाशी उभे राहा. आधीचं उरलेलं पाणी मशीन सुरुवातीला काढून टाकेल, ते जाऊ द्या. त्यानंतर पाणी भरत असताना मोरीत धार पडता कामा नये. पडली नाही तर काम झालं.

शेजारचे काका प्रेशर पंप लावायला सांगतायत, त्याची गरज नाही. पाण्याची उंची १० मीटर असली की साधारण १ बार दाब मिळतो. आपली टाकी वरच्या गच्चीवर, मशीन तळमजल्यावर, मध्ये सहा-सात मीटर तरी आहेत. बऱ्याच मशीनना ०.३ ते ०.५ बार पुरतो. मशीन वरच्या मजल्यावर असतं तर मीच पंप घ्या म्हटलं असतं.

मशीनमध्ये येणारी धार बारीक वाटलीच, तर पाणी आत येतं तिथली जाळी बघा. नळ नाही त्या दिवशी तुम्ही बोअरिंगचं पाणी टाकीत चढवता, त्याचा पांढरा क्षार तिथेच बसतो. स्विच बंद, प्लग काढलेला, नळ बंद. मग मशीनच्या मागे येणारा पाइप हातानं फिरवून सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी दिसेल. पक्कडीनं हळूच ओढा, तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा. परत बसवताना रबरी वॉशर विसरू नका.

आता कारागीर म्हणाला ते: “कार्ड बदलना पड़ेगा.” कार्ड म्हणजे मशीन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. पाणी किती भरलं हे मशीन कसं ओळखतं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा. ड्रमच्या तळाशी एक छोटी कुपी असते, तिच्यातून एक बारीक नळी वर प्रेशर स्विचपर्यंत जाते. बादलीत पेला उलटा दाबला की आतली हवा कोंडते, तसंच इथे होतं. पाणी चढतं, कोंडलेली हवा दाबली जाते आणि तेवढ्यावरून मशीन अंदाज घेतं. दाब अगदी नाजूक: १० सेंटिमीटर पाणी म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. नळीला केसाएवढी चीर पडली तरी हवा निसटते आणि मशीनला वाटतं पाणी कमीच आहे, मग ते भरतच सुटतं. उलट साबणाचा चिखल अडकून हवा कोंडलेलीच राहिली, तर पाणी नसताना भरल्यासारखं वाटतं. आई, तू हातानं धुवायची पावडर मशीनमध्ये टाकतेस ना? तिचा फेस आणि चिकटा याच कुपीत जातो. फ्रंट लोडची पावडर आणून दिलेली आहे, ती पाहुण्यांसाठी ठेवू नकोस.

तेव्हा पाइप बांधूनही पाणी भरत सुटलं, तर कोरड्या हातानं प्लग काढा. वीज नसतानाही पाणी येत राहिलं तर आत येणाऱ्या पाण्याची झडप अडकली आहे. लगेच नळ बंद करा. थांबलं तर ती नळी, कुपी आणि स्विच आधी तपासायला कारागिराला सांगा. नळी साफ करायला नवा पार्ट लागत नाही. कार्ड त्यानंतर. आणि आगाऊ पैसे मुळीच देऊ नका.

आणखी एक, आई. ड्रम अर्धा भरलेला दिसला पाहिजे हा हट्ट सोड. या मशीनमध्ये पाणी काचेच्या खालच्या कडेशी जेमतेम दिसतं. कपडे वर जाऊन त्यात आपटतात, त्यानंच ते निघतात. आपल्या जुन्या मशीनमध्ये कपडे पोहायचे, यात पोहणार नाहीत.

बाबा, मशीन एकट्यानं ओढायचं नाही. कंबर आताच कुठे बरी झाली आहे. वरच्या भाडेकरूच्या मुलाला हाक मारा. पाइप बांधून झाला की फोटो पाठवा, पण तो आईलाच काढू द्या. तुमच्या फोटोत नेहमी बोट येतं.

तुमची,
मनू