विषय: उलट्या रेशोची डबी पाठवल्यामुळे ट्रकचं स्पीडोमीटर आणखी चुकतंय

नमस्कार,

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या ट्रकसाठी तुमच्याकडून स्पीडोमीटर करेक्ट करायची डबी मागवली होती, गिअरबॉक्स आणि केबलच्या मधे बसते ती छोटी गिअरवाली. ती बसवल्यापासून मीटर नीट व्हायचं राहिलं बाजूला, जास्तच चुकायला लागलंय, आणि मी तीन मेल आणि दोन फोन केले तरी तुमच्याकडून एकच उत्तर येतंय की मीटर खराब आहे, नवीन घ्या.

मीटर खराब नाहीये. हे मी ऑर्डर देतानाच लिहिलं होतं, आकड्यांसकट, पण ते कोणी वाचलेलं दिसत नाही म्हणून परत लिहितो.

आधीच्या मालकाने मागचं क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली, चाकं फिरवणारी गिअरची जोडी) बदलून घेतलंय आणि टायरही कंपनीच्या साइजपेक्षा मोठे टाकलेत. केबल गिअरबॉक्सवरून फिरते, त्यामुळे मागे काय बदललं ते मीटरला कळतच नाही, गाडी जास्त अंतर कापते आणि मीटर कमी दाखवतं. काटा ३० वर असताना जीपीएस ३४ दाखवायचं, ६० वर असताना ६८. नुसत्या जीपीएसवर भरवसा नको म्हणून काटा ६० वर धरून एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत वेळ मोजली, भाऊ शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसला होता, ५३ सेकंद लागले. खरंच ६० चा स्पीड असता तर ६० सेकंद लागले असते. ओडोमीटरही बघितलं, दगडाप्रमाणे २० किमी झाले तेव्हा त्याच्यावर साधारण १७.६ झाले होते. म्हणजे काटा आणि किलोमीटर दोन्ही एकाच प्रमाणात कमी. आतली स्प्रिंग किंवा मॅग्नेट गेलं असतं तर काटा चुकला असता पण किलोमीटर बरोबर पडले असते, कारण ते सरळ गिअरवर चालतात. केबलही बाहेर काढून बघितली, कुठे मुडपलेली नाही, काटा थरथरत नाही. तरी तुमचा माणूस फोनवर म्हणतो मीटर बदला.

मला केबल साधारण १.१३ पट जोरात फिरवणारी डबी हवी होती. तुमच्या डबीवर बाजूला बारीक अक्षरात ०.८८ कोरलंय. मी बसवायच्या आधी बघायला हवं होतं हे मान्य, पण पाकिटावर माझ्या ऑर्डरचा नंबर होता म्हणून विश्वास ठेवला. कोणीतरी ६८ ला ६० ने भागायच्या ऐवजी ६० ला ६८ ने भागलंय, एवढीच चूक आहे. ही डबी लावलेली असताना गाडी ६८ ने चालली की काटा ५३ वर असतो. काटा ६० वर आणला तर गाडी ७७ ने पळत असते!

फोनवर असंही सांगितलं की डबी उलटी फिरवून बसवा. ती उलटी बसत नाही हो, एका टोकाला आत आटे आहेत आणि दुसऱ्या टोकाला बाहेर, हातात घेऊन बघितलं तरी कळेल.

मला यातली सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे मीटर कमी दाखवतंय. संयुक्त राष्ट्रांचा नव्या गाड्यांच्या स्पीडोमीटरचा ३९ नंबरचा नियम आहे, त्यात मीटर थोडं जास्त दाखवलं तर चालतं पण खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. माझी गाडी जुनी असली तरी धोका तोच आहे. तुमची डबी लावून वळणावर ४० ची पाटी बघून काटा ४० वर धरला तर भरलेला ट्रक ५१ ने वळणात शिरतो, आणि ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे इथे दीडपटीच्या वर. मी डबी काढून ठेवलीय आणि तोपर्यंत जीपीएसवर गाडी चालवतोय, पण बोगद्यात ते पण जातं. शिवाय ऑइल बदलायचा हिशोब चुकतो तो वेगळाच, तुमची डबी ठेवून ओडोमीटरवर १०,००० झाले असते तेव्हा गाडी खरी १२,८०० च्या पुढे गेलेली असती.

आता एकतर बरोबर रेशोची डबी पाठवा, नाहीतर ड्रायव्हन गिअर, म्हणजे गिअरबॉक्समध्ये केबल फिरवणारा छोटा गिअर, पाठवा. माझ्या गिअरला २० दात आहेत, मोजलेत मी, रंगाची खूण करून दोनदा. दात कमी केले की केबल जोरात फिरते. १८ चा टाकला तर ६८ ला साधारण ६७ दाखवेल, म्हणजे अजून किंचित कमीच, म्हणून मला १७ चा हवाय, तो ७१ च्या आसपास दाखवेल आणि ते मला चालेल. गिअर लहान झाला की हाउसिंगही (तो बसतो ते कवच) बदलावं लागू शकतं, तर ते आधी तपासून दोन्ही एकत्र पाठवा, परत अर्धवट पार्ट नको.

चुकीची डबी परत न्यायचा खर्च तुम्ही करा, आणि आठ दिवसांत पाठवणं जमणार नसेल तर सगळे पैसे परत द्या. दोन्ही चाचण्यांचे फोटो आणि डबीवरच्या ०.८८ चा फोटो सोबत जोडलाय. उत्तर देण्याआधी ते फोटो वर्कशॉपमधल्या माणसाला दाखवा, आणि त्यालाच मला फोन करू द्या.

तुमचा ग्राहक