कात्रणांच्या त्या पाकिटासाठी

प्रिय काका,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण जाहीर आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

सुलभा देशपांडे यांच्या चित्रपटांतल्या कामाबद्दल लिहायला घेतलं आणि माहिती शोधताना जे ऐकावं लागलं, ते अजून सलतंय. चित्रपटांचा वारसा जपतो म्हणवणाऱ्या एका संस्थेत उत्तर मिळालं, ‘त्या नायिका नव्हत्या, मग त्यांची वेगळी फाइल कशी असेल?’ एका संपादकांनी तर त्यांच्याऐवजी स्मिता पाटीलवर लिहा असं सुचवलं. ‘भूमिका’ चित्रपटात स्मिताच्या आईचं काम कोणी केलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ज्या बाईने छबिलदास शाळेत मुलांना शिकवलं, १९७१मध्ये अरविंद देशपांडे आणि सहकाऱ्यांबरोबर ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली, विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ नाटकातली बेणारे आधी रंगमंचावर आणि मग त्यावरच्या सत्यदेव दुबे यांच्या चित्रपटात साकारली, तिच्या वाट्याला पडद्यावर पुढे बहुतेक आई नाहीतर सासूच आली. तरी एकही भूमिका तिने उरकून टाकली नाही. २०१२च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या श्रीदेवीच्या सासूबाई आठवा. मोजकेच प्रसंग, पण त्या घरात आहेत याचाच आधार वाटतो. २०१६मध्ये त्या गेल्या, तेव्हा ‘ज्येष्ठ अभिनेत्री’ असं सगळ्यांनीच म्हटलं. हयातीत किती जणांनी म्हटलं होतं?

काका, तुम्ही मला ओळखतही नव्हता. तरी कपाटातून पाकीट काढून सरळ हातात ठेवलंत. झेरॉक्स नव्हे, मूळ कात्रणं. पण त्याहून मोठी गोष्ट मला घरी आल्यावर दिसली. जुन्या जाहिरातींत, परीक्षणांत जिथे जिथे छापणाऱ्यांनी सुलभाताईंचं नाव गाळलं होतं, तिथे तुम्ही समासात पेन्सिलीने ते लिहून ठेवलं होतं. स्वच्छ, पूर्ण नाव. पुढे कधी कोणी हे वाचेल, याची तुम्हाला काही खात्री नसणार. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं, तरी तुम्हाला ते नाव राहून गेलेलं चाललं नाही. ते बघून मला रडू आलं, हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही.

आपल्याकडे संग्रह करणारे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जण कपाटाची किल्ली कमरेला लावून बसतात आणि आलेल्याला आधी त्याची लायकी विचारतात. तुम्ही फक्त ‘चहा घेणार ना?’ एवढंच विचारलंत. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना लिहायचं बळ येतं.

पाकीट लवकरच परत आणून देते. त्या दिवशी तुम्ही ओझरतं म्हणालात, की त्यांची बेणारे तुम्ही रंगमंचावर पाहिली आहे. ती पाहायचं भाग्य मला मिळालं नाही. येईन तेव्हा सगळं सविस्तर सांगा. लेखात ते हवंच आहे.