दिवाळी अंकातल्या आहारविषयक लेखांबाबत सूचना

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मागच्या अंकात ‘गुळाने साखर वाढत नाही’ हे वाक्य आमच्या नजरेतून सुटून छापलं गेलं. ते वाचून मधुमेह असलेल्या एका काकूंनी रोजच्या चहात दोन चमचे गूळ घालायला सुरुवात केली. गूळही रक्तातली साखर वाढवतोच. चूक आमची आहे; दुरुस्ती यंदा पहिल्याच पानावर देतो आहोत.

म्हणून यंदा प्रत्येक विधानाचा आधार लेखासोबत लिहून द्या. ‘व्हॉट्सॲपवर आलं होतं’ हा आधार नव्हे. आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांतून घ्या. ते १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे आहेत की तयार प्लेटचे, हे स्पष्ट करा. आपल्या इंदुरी पोह्यांवरची शेव आणि सोबतची जिलेबीही हिशेबात धरा.

आजीचा अनुभव जरूर लिहा, पण अनुभव म्हणूनच. ‘औषध बंद करा’ असं काही छापणार नाही. घरगुती लाडू-पिठं विकत असाल, तर लेखात तसं सांगा. आजारांचा उल्लेख असलेले लेख आहारतज्ज्ञ तपासतील, तेव्हा ते दसऱ्याआधी पोचवा.

– संपादन समिती, इंदूर