चित्रपटावरची कविता की कथासार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धात सापडलेल्या बालपणावरचे चित्रपट पाहून सुचलेल्या कविता रविवार पुरवण्यांत, दिवाळी अंकांत बऱ्याचदा दिसतात. बहुतेकींत कथासारच ओळी तोडून छापलेला असतो. फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्यावर असलेल्या पुण्यात तरी प्रसंग दोनदा बघून लिहायला हरकत नसावी.

‘एम्पायर ऑफ द सन’चेच पाहा. जे. जी. बॅलार्ड यांची कादंबरी 1984ची, स्पिलबर्ग यांचा चित्रपट 1987चा. दोन्हींत दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये अडकलेल्या जिम या इंग्रज मुलाची आईवडिलांपासून ताटातूट होते. खुद्द बॅलार्ड मात्र शांघायजवळच्या लुंगहुआ छावणीत 1943 ते 1945 आईवडिलांसोबतच होते. तेव्हा कवितेत ‘लेखकाचे पोरके बालपण’ अशी ओळ आली तर ती चूक. छावणीही नाझींची नव्हे, जपान्यांनी दोस्त राष्ट्रांच्या नागरिकांना डांबलेली. ‘गॅस चेंबर’ तिथे घुसडू नये.

कवितेला एक वस्तू पुरते. चित्रपटात जिमच्या आईच्या खोलीत जमिनीवर सांडलेली पावडर, तिच्यावर पावलांचे ठसे, आणि खिडकीतून आलेला वारा ते पुसून टाकतो. इथे ‘आक्रोश’ लिहिला की ठसे दिसेनासे होतात.

अभंगाच्या 6-6-6-4 अक्षरांत लिहायचे तर दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळवावे. जोडाक्षर एकच धरावे. ‘नागासाकी’ची अक्षरे नेमकी चार, म्हणून ते शेवटच्या चरणात बसवायचा मोह होतो. तो आवरावा. क्षितिजावर अणुबॉम्बचा लख्ख उजेड पडतो तेव्हा जिमला ते नावच ठाऊक नाही. छावणीतल्या, नुकत्याच वारलेल्या मिसेस व्हिक्टरचा आत्मा वर चाललाय, असे त्याला वाटते. ‘पांढरा उजेड’ सहा अक्षरांत बसतो, ‘वर गेली’ चारांत. स्पष्टीकरण आले की मूल जाते आणि इतिहासाचे मास्तर बोलू लागतात.

अवघड जागा अंगाईची. जिम ‘सुओ गान’ ही वेल्श अंगाई (इंग्रजी नव्हे) गातो, तीही आत्मघाती हल्ल्यात मरायला निघालेल्या जपानी वैमानिकांना सलाम ठोकून. तिचे ओवीत रूपांतर करताना चांदोबा, पाळणा, झोका आले की कविता फसलीच, कारण इथे निजणारे बाळ नाही. ऐकणारा शत्रू आहे. ‘बाळा’ ही हाक एकदाच, वैमानिकाला उद्देशून यावी. तीनदा आली की तो नुसता गळा काढणे होते.

संवादांचे तुकडे मराठीत करून ओळींत घालू नयेत. ते पटकथाकार टॉम स्टॉपर्ड यांचे शब्द आहेत.

आपल्याकडून एवढेच व्हावे: अशा कवितेच्या शीर्षकाखाली ‘कादंबरीवरून’ की ‘चित्रपटावरून’ हे सालासकट छापावे, आणि कवीने ते कळवले नसेल तर कविता परत पाठवून विचारावे.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे