ह्युऑन खोऱ्यातून नागपूरला: छोटूच्या सायकलबद्दल

ह्युऑनव्हिल, टास्मानिया
मे महिना

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि. छोटूला अनेक आशीर्वाद.

बाबा, सायकलवर देश फिरायचा, वाटेत लोकांच्या शेतावर राबायचं आणि पैसेही घ्यायचे नाहीत, हा व्यवहार चालतो कसा, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते. छोटूचं नाव ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या लॉटरीत निघालंच आहे, तेव्हा हे पत्र त्याच्या हाती द्या. आई काळजी करून राहिली असेल, तिलाही वाचून दाखवा.

आधी व्यवहार. शेतकरी राहायला जागा आणि तीन वेळचं जेवण देतो, आपण दिवसाला चार ते सहा तास काम करायचं आणि आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी घ्यायची. सेंद्रिय शेतीवरची ही पद्धत सू कॉपर्ड यांनी 1971 मध्ये इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारपुरती सुरू केली. आज ती ‘वूफ’ या नावाने जगभर चालते. छोटूचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा, म्हणजे 462 क्रमांकाचा, उतरल्या दिवसापासून 12 महिने काम करायची मुभा देतो, म्हणून त्याला कुठे लपूनछपून राहावं लागणार नाही. या व्हिसाच्या जागा भारतीयांसाठी वर्षाला 1000 आहेत आणि वयाची अट 18 ते 30 आहे. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव, छोटू: दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागात तीन महिने ठरावीक प्रकारचं काम करावं लागतं, आणि ते पगारी असावं लागतं. जेवणावर केलेले दिवस त्यात धरत नाहीत. म्हणून वर्षाचे दोन भाग कर. काही महिने रीतसर पगारावर तोडणी, पगारपत्रकासकट, आणि उरलेल्या काळात सायकल आणि वूफ. फळतोडणीचे पैसे नगावर किंवा पेटीवर मिळत असले तरी एप्रिल 2022 पासून तासाच्या किमान दराची हमी कायद्याने द्यावी लागते. कोणी यजमान विक्रीचा माल भरायला रोज आठ तास उभं करत असेल आणि बदल्यात नुसतं जेवण देत असेल, तर ती नोकरी आहे आणि तिचा पगार मागायचा. नाही मिळाला तर तिथून निघायचं. पासपोर्ट कोणाच्याही हाती ठेवायला द्यायचा नाही.

यजमानाला दोन-तीन आठवडे आधी लिहायचं. सायकलवाल्याने पोचायची एकच तारीख देऊ नये, ‘अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान’ असं लिहावं. समोरून वारा सुटला की दिवसाचे 70 किलोमीटर 35 वर येतात आणि यजमान जेवण करून वाट पाहत बसतो. काय विचारायचं तेही ठरलेलं असू दे: रोजचे तास किती, पाऊस आला तर काय काम, झोपायला खोली की तंबूची जागा, शाकाहारी जेवण चालेल का, माझ्या मापाचे गमबूट आहेत का, सायकल ठेवायला कोरडी जागा आहे का, दुकान किती लांब. गमबुटांचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण होकार आला तर दीड-दोन किलो वजन वाचतं. सुरक्षेचे बूट सायकलवरून वाहून नेण्यासारखे नसतात.

आता सायकल. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरून निघतानाची चूक इथे भोवते.

ओझ्याच्या सायकलचं मागचं चाक सगळ्यात आधी बोलतं. स्वाराचं आणि सामानाचं मिळून निम्म्याहून बरंच जास्त वजन मागे असतं. वर गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून मागचं चाक दोन्ही बाजूंनी सारखं विणलेलं नसतं, उजव्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात. तार सहसा ओझ्याने तुटत नाही, ढिली राहिल्याने तुटते: दर फेऱ्याला ती हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, थोडी वाकते, सरळ होते, आणि शेवटी कोपऱ्यातच तुटते. म्हणून मागे 36 तारांचं चाक घे आणि निघायच्या आधी चांगल्या मिस्त्रीकडून चाकाचा आउट काढून ताण सारखा करून घे. मग सामानासकट दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासून घे. बोटाने तारा छेडून बघायची सवय लाव, एखादी बद्द वाजली की तीच उद्या तुटणार. प्रत्येक मापाच्या तीन-तीन जादा तारा सांगाड्याला चिकटपट्टीने बांधून ठेव. उजवीकडची तार बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच, उतरावी लागते, तेव्हा कॅसेट खोलायचं लहान हत्यार सोबत हवंच, नाहीतर तारा असूनही नसल्यासारख्या.

गिअर हलके घे. पुढे 22 दात आणि मागे 34 असले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम 1.4 मीटर पुढे जाते, आणि इथल्या चढांना तेच लागतं. नागपुरात हे कळणार नाही, सेमिनरी हिल्सचा चढ काही परीक्षा नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पूर्ण सामान लादून एकदा चढ. जे सामान घाटात नकोसं होईल, ते घरीच ठेव.

कॅरियर लोखंडी घे. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण मोडला तर जोडून मिळत नाही. लोखंडी मोडला तर इथल्या जवळजवळ प्रत्येक शेतावर वेल्डिंग मशीन असतं. कॅरियरचे 5 मिलिमीटरचे बोल्ट खडीच्या रस्त्याने ढिले होतात. त्यांना थ्रेडलॉक (बोल्टचे आटे धरून ठेवणारं द्रव) लाव, रोज संध्याकाळी हात लावून बघ आणि चार-पाच जादा ठेव. सामान एकूण 18 किलोच्या आत, त्यातलं जड ते खाली आणि काही पुढच्या बॅगांत. टायर 40 मिलिमीटरचे, जाड पट्ट्याचे, श्वाल्बे मॅरेथॉनसारखे. हवा मागे 55-60 पौंड आणि पुढे 45-50. शेतावरचं पंक्चर बहुधा कुंपणाच्या तारेच्या तुकड्याने किंवा ब्लॅकबेरीच्या काट्याने होतं, म्हणून फाटकाच्या आत सायकल हातात धरून ने. ठिगळाचं सोल्युशन एकदा उघडलं की काही आठवड्यांत वाळून जातं, तेव्हा न उघडलेली एक ट्यूब वेगळी ठेव.

ब्रेक डिस्कचे, पण वायरवर चालणारे. तेलाचे ब्रेक बिघडले तर खेड्यात कोणी हात लावत नाही. पॅडच्या दोन जोड्या आण. आणि शेडमध्ये कोणी गंज घालवायचा स्प्रे मारत असेल तर सायकल आधी बाहेर काढ. डिस्कवर त्याचा थेंब उडाला की पॅड बादच समज. खताच्या पोत्यांजवळही सायकल ठेवू नको, दमट हवेत त्या धुळीने चेन आणि बोल्ट गंजतात. चेनची झीज 12 इंची फूटपट्टीने कळते: एका पिनेच्या मध्यावर शून्य धर, बारा इंचांवरची पिन रेघेच्या 1/16 इंच पुढे गेली असेल तर चेन बदल. 1/8 इंच गेली तर कॅसेटही गेली.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो मागचा हँगर, ज्यावर डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) बसतो. तो प्रत्येक सांगाड्याचा वेगळा असतो. आपल्याकडच्या सायकलचा हँगर इथल्या दुकानात मिळेल या आशेवर राहू नको. दोन जादा घेऊन ये. विमानाच्या खोक्यात सायकल भरताना डिरेलर हँगरवरून काढून कागदात गुंडाळ आणि सांगाड्याच्या आत बांध. पुढच्या फोर्कच्या टोकांत लाकडी ठोकळा अडकव. पायडल काढताना पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्ही बाजूंनी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

बाबा, आता तुमच्या विषयाकडे येते. आपल्या काटोलच्या संत्र्याला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो तो फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे. त्याच कुळातली दुसरी जात, फायटोप्थोरा सिनामोमाय, इथल्या जंगलातली झाडं मुळापासून मारते. ती पसरते चिखलातून. बुटांच्या तळव्यात, टायरच्या खाचांत जो मूठभर ओला चिखल राहतो, तेवढा तिला पुरतो. म्हणून इथल्या अनेक जंगलवाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं असतं. दहा शेतं फिरणारा सायकलवाला हा रोगाचा फिरता वाहक होऊ शकतो, आणि हे शेतकऱ्याच्या पोराने विसरणं मला चालणार नाही. शेत सोडायच्या आदल्या संध्याकाळी टायर, मडगार्डची आतली बाजू, बूट आणि तंबूच्या खुंट्या ब्रशने घासून धुवायच्या. चिखल पूर्ण निघाल्यावरच जंतुनाशक मारायचं, कारण चिखलावर मारलेलं औषध आत पोचतच नाही. तीन भाग मेथिलेटेड स्पिरिट आणि एक भाग पाणी मिसळून फवारलं की झालं. हेच स्पिरिट सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) पाती पुसायला लागतं आणि हेच, पाणी न मिसळता, स्वयंपाकाच्या छोट्या स्टोव्हमध्ये जळतं. किराणा दुकानात मिळतं, त्यामुळे सायकलवाल्याने गॅसच्या डब्यांमागे लागू नये. फक्त ‘टोटल फायर बॅन’, म्हणजे आग पेटवायला पूर्ण बंदी, जाहीर झालेल्या दिवशी उघड्यावर स्टोव्ह पेटवायचा नाही.

विमानतळावरही हीच कडक नजर आहे. जुनी सायकल आणि बूट मातीचा कण न ठेवता धुऊन आणायचे आणि खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची. न सांगितलेली सापडली तर दंड भारी असतो. सोबत बिया नकोत, कडधान्य नको. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून टास्मानियात येतानाही फळं आणता येत नाहीत. गीलाँगहून डेव्हनपोर्टला येणाऱ्या जहाजात चढण्याआधी पिशवीतलं सफरचंद खाऊन टाकायचं.

काम तुला जड जाणार नाही, पण रीत वेगळी आहे. सफरचंद ओढायचं नाही, तळव्यात धरून वर उचलत वळवायचं, म्हणजे देठासकट सुटतं. देठाच्या लगतच पुढच्या वर्षीचा डोळा असतो, ओढलं की तोही तुटतो. गळ्यातली पिशवी पेटीत अगदी खाली टेकवून मग तळ उघडायचा. साधारण 400 किलोच्या त्या पेटीत वरून पडलेलं फळ दुसऱ्या दिवशी डागाळतं. छाटणी इथे जून ते ऑगस्टमध्ये, झाडं झोपेत असताना होते. पाणसोट (सरळ वाढणारे, फळ न देणारे कोंब) काढायचे ते आपल्यासारखेच, पण आपण संत्र्याची सल (वाळकी फांदी) काढून थांबतो, इथे उजेड आत पोचावा म्हणून जिवंत फांद्याही बऱ्याच काढतात. कोणती ठेवायची ते यजमानाला पहिल्या दोन झाडांवर दाखवायला सांग.

शरीराचं एक ध्यानात ठेव. दिवसभर हँडलवर तळवे दाबून राहिले की करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, आणि त्याच हाताने दुसऱ्या दिवशी सिकेटर दाबलं तर ते आठवडाभर टिकतं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उचलाउचलीचं किंवा रोपवाटिकेचं काम माग, छाटणी नंतर. तसंच दोन आठवडे शेतावर वाकून काम केल्यावर पहिल्या दिवशी 40 किलोमीटरच्या वर जाऊ नको. पाय तयार असतात, गुडघे आणि बैठक नसते.

वाटेबद्दल थोडक्यात. या बेटावर वारा पश्चिमेचा असतो, म्हणून क्वीन्सटाउनहून होबार्टकडे ये, उलटं जाऊ नको. पश्चिमेला पाऊस होबार्टच्या कितीतरी पट पडतो. डिसेंबरात पंधरा तास उजेड असतो, जूनमध्ये नऊच. त्यामुळे हिवाळा एका शेतावर छाटणीत घालवावा आणि सायकल नोव्हेंबर ते मार्चमध्ये चालवावी. ओंडके वाहणारे ट्रक वळणावर जागा देऊ शकत नाहीत, आवाज आला की आपणच खाली उतरायचं. हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे.

आई, सापांचं विचारलं होतंस. इथे सापाच्या तीनच जाती, तिन्ही विषारी, पण तिन्हींना एकच प्रतिविष चालतं. दंश पायाला झाला तर जखम न धुता, पंधरा सेंटिमीटर रुंदीचा लवचिक पट्टा बोटांपासून मांडीपर्यंत घट्ट गुंडाळून, पाय न हलवता 000 या इथल्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करायचा. असे दोन पट्टे छोटूच्या बॅगेत वरच असू देत. आपल्याकडच्या घोणसीच्या दंशाला मात्र असं बांधायचं नसतं, हे काटोलला गड्यांनाही सांगा.

निघण्याआधी धनुर्वाताची सुई झाली आहे का बघा, दहा वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्या. मेंढ्या-बकऱ्यांच्या शेतावर जायचं असेल तर क्यू-फीवरची (जनावरांपासून माणसाला होणाऱ्या तापाची) लस आधी लागते. ती इथे मिळते, पण देण्याआधी रक्ताची आणि त्वचेची तपासणी करतात, तेव्हा पहिली काही शेतं फळबागांचीच निवड, छोटू. हँगर मागवायला वेळ लागतो, त्याची ऑर्डर याच आठवड्यात दे आणि सांगाड्याचा मॉडेल नंबर मला कळव.

बाबा, मृग बहाराची बाग ताणावर असेल, तिला पाणी कधी सोडणार ते लिहा.

आपली,
ताई